ओळख, आठवण आणि आवर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूरमधील इलेक्ट्रॉनिक सिटी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपली शाळा 1966 साली सुरू झाली. यंदा तिला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या निमित्ताने आपण गावाकडे सोहळा करालच, परंतु 'बाई, आमच्याकडेही या' असा आग्रह आपण धरलात आणि कृष्णाकाठच्या एका मराठी शाळेची मुख्याध्यापिका होसूर रस्त्यावरील या नगरीत येऊन उभी राहिली, याचे मला मनापासून समाधान वाटते.

शाळेच्या प्रगतीचा अहवाल स्मरणिकेत स्वतंत्रपणे येणारच आहे. म्हणून आज मी वेगळा विषय निवडला आहे. आपल्या देहात रात्रंदिवस चालणारे संरक्षणाचे कार्य, म्हणजेच रोगप्रतिकार, हा तो विषय. मी मराठीची शिक्षिका. विज्ञान हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. परंतु 2020 आणि 2021 ही दोन वर्षे आपण सर्वांनी पाहिली. त्या काळात शाळेने आपले दोन ज्येष्ठ शिक्षक गमावले, आपल्यापैकी कितीतरी जणांनी आई गमावली, वडील गमावले. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी आहे; त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा घेतला जातो, आणि त्या चुकीची किंमत घराघरांतून मोजावी लागते. शाळेतील विज्ञानशिक्षकांकडे बसून मी हा विषय समजून घेतला. जे समजले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

प्रारंभ आपल्या भाषेपासूनच करते. अंगात कणकण येते. जखम ठणकते. ती चिघळली की तिच्यात पू होतो, तिच्यातून लस वाहते, पुढे तिच्यावर खपली धरते. पायाची जखम बळावली की जांघेत गाठ उठते; हाताची बळावली की काखेत. तिला आपल्याकडे 'अवधाण' म्हणतात. आपल्या आजीने कोणत्याही प्रयोगशाळेत पाऊल टाकलेले नव्हते, तरी शरीराच्या या साऱ्या हालचालींना तिच्याजवळ नेमके शब्द होते. या शब्दांच्या आड काय घडते, ते आता पाहू.

शेतातून येताना पायात बाभळीचा काटा मोडला असे समजा. त्वचा ही शरीराची तटबंदी. तिला भगदाड पडते आणि काट्याबरोबर जंतू आत शिरतात. तेथील ऊतींमध्ये काही पेशी जणू पहाऱ्यावर बसलेल्या असतात. जंतूंच्या अंगावरील ठरावीक खुणा त्यांना ओळखता येतात. त्या तत्काळ रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. मज्जातंतूंची टोके संवेदनशील होतात, म्हणून ठणका लागतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधील सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत. त्या सैल झालेल्या भिंतींतून रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंना वेढतात आणि गिळून टाकतात. अस्थिमज्जेत अशा अब्जावधी पेशी रोज जन्माला येतात आणि बहुतेक दोन-चार दिवसांतच संपतात. ज्या पूला आपण घाण म्हणून पुसून टाकतो, त्यात कामी आलेल्या याच पेशींचा मोठा वाटा असतो.

हे रहस्य उकलले तेही एका काट्यामुळेच. 1882 साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला होता. भक्षक पेशींची कल्पना तेथून पुढे आली आणि 1908 साली त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कणकण का येते? जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जे संदेशवाहक पदार्थ सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतील काही रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचतात आणि मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र आपली पातळी वर नेते. शरीर तापलेले असते, तरी त्या नव्या पातळीच्या मानाने ते थंडच ठरते, म्हणून आपल्याला हुडहुडी भरते आणि आपण गोधडी ओढून घेतो. तेव्हा ताप हा बहुधा स्वतः रोग नसतो. तो शरीराने जाणूनबुजून उचललेल्या पावलाचा परिणाम असतो. याचा अर्थ तापाकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. तान्ह्या मुलाचा ताप, न उतरणारा ताप, शुद्ध हरपणे, झटके येणे किंवा धाप लागणे यांत क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जायला हवे.

ही झाली पहिली फळी. ती तत्पर असते, परंतु समोर नेमका कोणता जंतू आहे, एवढा बारीक भेद तिला करता येत नाही. तो भेद करणारी दुसरी फळी म्हणजे लसीका पेशी. त्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात; ही प्रथिने ठरावीक जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. टी पेशींपैकी काही विषाणूने व्यापलेल्या पेशी नष्ट करतात, तर काही इतरांना मार्गदर्शन करतात. पहिल्या फळीतील पेशी शत्रूचे तुकडे घेऊन जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. तेथे असंख्य लसीका पेशी असतात; त्या तुकड्याशी जिचा मेळ बसतो, तिची निवड होते आणि तिच्यासारख्या हजारो पेशी निर्माण होऊ लागतात. अवधाण म्हणजे या ग्रंथीत उडालेली धांदल. मूळ जखम टाचेला असते आणि गाठ जांघेत उठते, त्याचे कारण हेच.

आता मनात प्रश्न येईल की, ज्या विषाणूला मानवजातीने कधी पाहिलेच नाही, त्याच्याशी मेळ बसणारी पेशी आधीपासून शरीरात असते कशी? याचे उत्तर मराठीच्या शिक्षिकेला फार आवडले. आपल्या वर्णमालेत अक्षरे थोडी, पण त्यांच्या जुळणीतून शब्द अगणित होतात. तसेच या पेशी आपल्या जनुकांचे काही तुकडे निरनिराळ्या प्रकारे जुळवतात आणि प्रत्येक पेशीला निराळा ग्राहक लाभतो. सुसुमु तोनेगावा यांनी प्रतिपिंडांच्या बाबतीत हे सिद्ध केले. 1987 चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

परंतु अशा स्वैर जुळणीत एक धोका आहे. काही पेशींचे ग्राहक आपल्याच शरीराशी जुळतील, त्याचे काय? त्यासाठी शरीराने एक शाळा काढली आहे. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती बालपणी मोठी असते आणि तारुण्यानंतर आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असे सुंदर नाव आहे. टी पेशींची परीक्षा येथे होते. जिला काहीच ओळखता येत नाही ती बाद. जी आपल्याच शरीरावर तुटून पडेल तीही बाद. शंभरातील पाचसुद्धा उत्तीर्ण होत नाहीत. आमच्या शाळेचा असा निकाल लागला, तर तुम्ही पालक आम्हाला उभे करणार नाही! पण देहाच्या या शाळेला कडकपणा परवडतो, किंबहुना त्यावरच आपले जीवित अवलंबून आहे. आपले कोण आणि परके कोण, ही ओळख म्हणजे प्रतिकाराचा पहिला गुण.

दुसरा गुण आठवण. नव्या शत्रूशी पहिल्यांदा सामना होतो, तेव्हा दुसऱ्या फळीला तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. युद्ध संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. तोच शत्रू पुन्हा आला, तर प्रतिसाद फार लवकर आणि अधिक जोमाने मिळतो. लसीकरण म्हणजे प्रत्यक्ष रोगाची किंमत न मोजता ही आठवण निर्माण करणे. 'लस' हा शब्दच पाहा. फोडातून वाहणारा पातळ द्रव हा त्याचा जुना अर्थ. त्या काळी गोस्तनदेवीच्या फोडातील हीच लस एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचली जात असे. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला अशी लस टोचली गेली. भारतातील हे पहिले देवीचे लसीकरण. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आपल्या आईवडिलांच्या दंडावरील तो गोल व्रण म्हणजे या इतिहासाची मोहोरच होय.

महाराष्ट्राचा आणि आपण आज बसलो आहोत त्या बंगळूरचा एक समान दुःखद दुवा येथे सांगितला पाहिजे. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. या रोगात जंतू लसीकाग्रंथींत शिरून त्या प्रचंड फुगवतात. म्हणूनच त्या काळच्या मराठीत त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. ज्या ठिकाणी शरीराने शत्रूला अडवायचे, त्याच ठिकाणी शत्रू ठाण मांडी. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. स्त्रीशिक्षणाच्या त्या माउलीमुळे आज मी या पदावर उभी आहे, म्हणून हा उल्लेख माझ्यासाठी केवळ इतिहास नाही. त्याच वर्षी 10 जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये सिद्ध केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. 1898 साली प्लेग बंगळूरला पोहोचला. दाट वस्तीत मृत्यूचे थैमान झाले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या ऐसपैस वस्त्यांच्या वाढीमागे त्या साथीचा धसका होता. या शहरात आजही प्लेगम्मेची देवळे आहेत. संकटाला देवीचे रूप देऊन तिची विनवणी करणे आपल्याला अपरिचित नाही. आपणही एका रोगाला 'देवी'च म्हणत होतो.

आणखी एक योगायोग. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट 1966 सालीच स्थापन झाली, म्हणजे ती आपल्या शाळेच्या वर्गातली! धनुर्वातावरील, घोड्याच्या रक्तापासून काढलेले औषध हे तिचे सुरुवातीचे काम. घोड्याला विषाचा सौम्य डोस देऊन त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करायची आणि ती रक्तद्रवातून वेगळी काढून माणसाला द्यायची, ही पद्धत. सर्पदंशावरची लसही अशीच बनते. तिला आपण 'लस' म्हणतो खरे, पण तिने आठवण निर्माण होत नाही. ती उसनी शस्त्रे असतात आणि काही काळाने संपतात. म्हणून धनुर्वाताची खरी लस वेळापत्रकाप्रमाणे स्वतंत्रपणे घ्यावीच लागते.

आठवण जशी निर्माण करता येते, तशी ती पुसलीही जाते. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो, येऊन गेलेला बरा,' असे म्हणणारे पालक मला अजूनही भेटतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठाही लक्षणीय घटतो. पूर्वी कष्टाने शिकलेले धडे विसरले जातात आणि मूल पुढे दीर्घकाळ इतर संसर्गांना बळी पडू शकते. गोवर-रुबेलाची लस चुकवणे म्हणजे एका रोगाला नव्हे, अनेकांना दार उघडे ठेवणे आहे.

आता तिसऱ्या गुणाकडे येते. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. तो म्हणजे आवर. 'अति तेथे माती' हे आपण म्हणतो. प्रतिकाराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

यौवनलोपी ग्रंथीची परीक्षा कितीही कडक असली, तरी काही चुकार पेशी निसटतातच. त्यांना लगाम घालण्यासाठी नियामक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी 1995 साली त्यांचे अस्तित्व दाखवले. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी पुढे त्यांच्याशी निगडित जनुक शोधले. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. लढणाऱ्यांना आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला जगातील सर्वोच्च सन्मान मिळाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

हा आवर सुटला की काय होते? संधिवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सोरायसिसमध्ये त्वचेत दाह धुमसत राहतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत सातवीतील एक मुलगी एकाएकी वाळू लागली. तासाला दोनदा पाणी प्यायची, पुन्हा पुन्हा लघवीला जायची. तिच्या वर्गशिक्षिकांच्या ते लक्षात आले, त्यांनी आईला बोलावून घेतले आणि त्याच दिवशी रक्ततपासणी झाली. पहिल्या प्रकारचा मधुमेह निघाला. यात टी पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचाच नाश करतात. नातेवाइकांनी मात्र आईलाच दोष दिला. गोड फार खाऊ घातले, लाड फार केले, असे बोल तिला ऐकावे लागले. त्या माउलीला मी तेव्हा सांगितले, तेच आज जाहीरपणे सांगते: यात आईचा दोष नाही, मुलीचा नाही आणि साखरेचाही नाही. ती मुलगी शाळेत मधल्या सुट्टीच्या आधी स्वतः इन्सुलिन घेऊ लागली, मैत्रिणी तिच्याभोवती उभ्या राहत. आज ती पदवीधर होऊन नोकरीला लागली आहे.

इन्सुलिनवरून या परिसराचे नाव निघणे अपरिहार्य आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही इलेक्ट्रॉनिक सिटी आकारास आली. आपण तिला संगणकाची नगरी म्हणून ओळखतो. परंतु किरण मजुमदार-शॉ यांनी 1978 साली बंगळूरमधील एका गॅरेजमधून सुरू केलेली बायोकॉन ही कंपनीही याच परिसरातली. तिने यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन 2004 साली बाजारात आणले. त्यानंतर 2013 मध्ये तिने इटोलिझुमॅब हे सोरायसिसवरील औषध आणले. क्यूबातील हवाना येथील संशोधनसंस्थेबरोबरच्या सहकार्यातून ते उभे राहिले. हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंडच आहे, परंतु त्याचे लक्ष्य जंतू नाही. ते टी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-6 नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्यांचा अतिउत्साह कमी करते. शरीराच्या शस्त्रानेच शरीराचा अतिरेक आवरायचा, अशी ही योजना.

आणि मग 2020 साल आले. कोविडच्या अनेक रुग्णांमध्ये पहिला आठवडा विषाणूचा असे आणि दुसरा आठवडा स्वतःच्या दाहाचा. सायटोकाइनचा पूर लोटे, फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने भरत आणि श्वास कोंडे. शत्रूला हुसकावण्यासाठी लावलेली आग घरालाच लागावी, तसे ते होते. जुलै 2020 मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी इटोलिझुमॅबला अशा गंभीर रुग्णांसाठी मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी दिली. तिला आधार होता तो अवघ्या 30 रुग्णांवरील चाचणीचा. एवढ्या पुराव्यावर तज्ज्ञांनी प्रश्न उपस्थित केले आणि राष्ट्रीय उपचारसंहितेत त्या औषधाचा समावेश झाला नाही. आशा आणि पुरावा यांत अंतर असते. ते अंतर विचारणारा समाज घडवणे, हे शाळेचे काम आहे, म्हणून हा प्रसंग मी सांगितला.

मोठ्या पुराव्यावर टिकले ते एक जुनेच आणि अत्यंत स्वस्त औषध, डेक्सामेथासोन. ते जवळजवळ आपल्या शाळेच्याच वयाचे आहे. जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखालील ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष आले. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने. परंतु ज्यांना ऑक्सिजनची गरजच पडली नव्हती, त्यांना त्याचा लाभ झाला नाही. पुढचे वाक्य कृपया नीट ऐकावे. औषध तेच, रोग तोच. वेळ साधली तर जीवदान, वेळेआधी दिले तर उपयोग नाही, उलट अपायाची शक्यता. कारण पहिल्या आठवड्यात ज्या फळीने विषाणूशी लढायचे, तिचेच हात आपण बांधतो.

2021 च्या उन्हाळ्यात आपल्या गावी काय घडत होते, ते आपल्याला ठाऊक आहे. सर्दी-तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केलेली माणसे मी पाहिली. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषधे आणली जात होती. पुढे म्युकरमायकोसिसची लाट आली आणि महाराष्ट्राला तिचा मोठा तडाखा बसला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही तिची प्रमुख कारणे होती. एरवी हवेत आणि मातीत असणारी बुरशी माणसांचे डोळे आणि जबडे घेऊन गेली. ज्यांचे प्राण वाचले, त्यांनाही आयुष्यभराची खूण मिळाली.

त्याच काळात आपण इलेक्ट्रॉनिक सिटीतील माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून गावी ऑक्सिमीटर पाठवले होते. शाळेच्या कार्यालयातून ते वाड्यावस्त्यांवर गेले. बोटाला लावायचे ते लहानसे यंत्र कोणाला बरे करत नव्हते. परंतु रुग्णाला केव्हा हलवायचे आणि ते औषध केव्हा सुरू करायचे, याची वेळ डॉक्टरांना त्याच्यामुळे कळत होती. त्या काळात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती होती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ती अचूक वेळ. आपण ती गावाला दिलीत. शाळा हे विसरणार नाही.

पालकहो, आता थोडे घरगुती. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिराती आपण रोज पाहतो. आतापर्यंतचे ऐकल्यावर आपणच विचारा: वाढवायचे नेमके काय? संधिवाताच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती बेलगाम असते. आपल्याला हवा आहे तो समतोल, आणि तो डबाबंद भुकटीत मिळत नाही. आमच्या सांगलीकडची हळद जगप्रसिद्ध. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, असे प्रयोगशाळेत दिसते. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे शोषले जाते. म्हणून हळदीचे दूध प्रेमाने प्या, ते उबदार आहे, आपले आहे. मात्र न्यूमोनियावर त्याचा भरवसा धरू नका. ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात त्या साध्या आहेत: पुरेशी झोप, पोटभर चौरस आहार, रोजचे खेळणे-चालणे, घरात धूम्रपान नसणे, स्वच्छ पाणी, हात धुणे आणि वेळेवर लसीकरण. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी लस आता आपल्याकडेच, पुण्यात बनते. तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी संकोच न बाळगता बोला.

तसेच, विषाणूच्या सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. ती मागून घेऊ नका, आणि दिली असतील तर मधेच सोडू नका. सांधेदुखीवर मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या आईवडिलांना घेऊ देऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. आणि डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले असेल, तर ते आपल्या मनाने बंदही करू नका. आपण इथे आहात, ते तिकडे गावी एकटे आहेत. दर रविवारी फोनवर 'जेवलात का' असे विचारता, त्याच्या जोडीला 'कोणत्या गोळ्या घेताय, त्यांची नावे वाचून दाखवा' एवढे विचारा. पाच मिनिटे लागतील.

साठ वर्षे आपली शाळा मुलांना वाचायला, लिहायला आणि प्रश्न विचारायला शिकवत आली. यापुढेही ती हेच करील. हीरक महोत्सवी निधीतून शाळेत आरोग्यतपासणीची एक कायमस्वरूपी खोली उभारण्याचा संस्थेचा मानस आहे. तेथे प्रत्येक मुलाच्या लसीकरणाची नोंद राहील, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांना इन्सुलिन ठेवण्यासाठी एक छोटे शीतकपाट असेल. ज्यांना या कामी हातभार लावायचा असेल, त्यांनी माझ्या सहकाऱ्यांकडे नावे द्यावीत. पैशांइतकीच आम्हाला वेळेची गरज आहे. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत, औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस मुलांसाठी द्यावा, ही विनंती.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. वर्गात असताना आपल्यापैकी काही जणांनी इतका वेळ शांतता पाळल्याचे मला आठवत नाही, म्हणून आपले विशेष आभार. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, अशी सदिच्छा व्यक्त करते आणि माझे भाषण संपवते.